फुलात सापडलेला फुलकिडा त्याच झाडाचा असतो का?

रानजाई

आमचं वावर जुन्नर तालुक्यात आहे. अर्धा एकर झेंडू, पलीकडे मिरची, आणि बांधावर आपसूक उगवणारं सगळं: घाणेरी, एकदांडी, गाजरगवत. दसऱ्याचा तोडा सुरू व्हायच्या आधी मी दरवर्षी एक काम करते. पांढरी ताटली घ्यायची, फूल तिच्यावर उलटं धरून चार टिचक्या मारायच्या आणि जे पडेल ते दहापट भिंगातून बघायचं.

परवा झेंडूच्या एका फुलातून बरेच फुलकिडे पडले. गडद तपकिरी, जेमतेम मिलिमीटरभर लांब. एक जण ताटलीच्या कडेला जाऊन थांबला, पोटाचं टोक विंचवासारखं वर उचललं, मागच्या पायांनी पंखांची झालर विंचरली आणि गेला उडून. यांचे पंख म्हणजे एक बारीक काडी आणि तिला दोन्ही बाजूंनी केसांची झालर. शास्त्रीय गटाचं नावच 'झालरपंखी' या अर्थाचं आहे. त्या गर्दीत फिकट पिवळी, बिनपंखांची, सावकाश चालणारी पिल्लंही होती.

मग बांधावरचं गाजरगवत झटकलं. मोठे पडले. एकदांडी झटकली, मोठेही पडले आणि पिल्लंही. पलीकडच्या जास्वंदीत मोठे भरपूर, पिल्लू एकही नाही.

धागा काढायचं कारण हेच. आपल्याकडे पीक-सल्ल्यात 'यजमान वनस्पती' म्हणून लांबलचक याद्या येतात. अमुक फुलकिडा शंभर झाडांवर आढळतो वगैरे. पण आढळणं आणि तिथे वाढणं यांत फार फरक आहे. मोठे फुलकिडे वाऱ्यावर कुठेही जातात, दिसेल त्या फुलात शिरतात, थोडे परागकण खातात, ऊन टळेपर्यंत बसतात. त्यामुळे ते झाड त्यांचं घर ठरत नाही. मादी पाकळीच्या किंवा देठाच्या आत करवतीसारख्या अवयवाने चीर पाडून अंडं घालते आणि त्यातून निघालेलं पिल्लू तिथेच खाऊन वाढतं, तेव्हा ते झाड यजमान. थोडक्यात, पिल्लं दिसली तर घर, नाहीतर धर्मशाळा.

बांधावर काय ठेवायचं आणि काय उपटायचं, हे माझ्या मते यावरून ठरायला हवं. तुमच्याकडे कोणत्या फुलांत काय दिसतं ते सांगाल का?

मुग्धा_ठाणे

छान विषय. माझ्या गच्चीत मोगरा आहे. कळ्या फुलायच्या आधीच कडेने तपकिरी पडतात, उमललेल्या फुलावर रेघोट्या दिसतात. हे फुलकिडेच का? आणि ताई, पिल्लू नक्की ओळखायचं कसं? मला तर सगळेच पिवळे ठिपके दिसतात.

रानजाई

मुग्धा, रेघोट्या असतील तर शक्यता बरीच आहे. फुलकिड्याचं तोंड विचित्र असतं. उजवा जबडा जवळजवळ नाहीच, फक्त डावा वाढलेला. त्याने पेशीला भोक पाडायचं आणि नळीसारख्या तोंडाने आतला रस ओढायचा. रिकाम्या पेशीत हवा शिरते, म्हणून आधी चंदेरी चकाकी दिसते आणि मग तपकिरी डाग. परागकणही ते असेच एकेक करून फोडतात.

पिल्लू लांबट असतं, पंख किंवा पंखांचे कोंबही नसतात, रंग पांढरट ते पिवळा. पिल्लांच्या दोन अवस्था खातात. त्यानंतरच्या दोन, आपल्या भाषेत कोषावस्था, काही खात नाहीत. बहुतेक फुलकिडे त्या वेळी खाली गळून मातीत किंवा पाचोळ्यात जातात. उन्हाळ्यात अंड्यापासून मोठ्यापर्यंत सगळं साधारण दोन आठवड्यांत उरकतं.

काही जातींत मोठ्यांनाही पंख नसतात, त्यामुळे नुसता बिनपंखी दिसला म्हणून पिल्लू म्हणू नकोस. रंग, मऊपणा आणि चाल, तिन्ही बघ. ताटलीत हळदीच्या पाण्याच्या थेंबाएवढं काही हललं तर बहुधा पिल्लूच.

औसेकर

मी औसा तालुक्यातला, वय ६८. वडिलांपासून आमच्या घरी सूर्यफूल असायचं. लहानपणी सकाळी वावरात उभं राहिलं की सगळी तोंडं पूर्वेकडे. तो देखावा अजून डोळ्यांपुढे आहे.

नव्वदचं दशक संपता संपता वेगळंच काहीतरी सुरू झालं. शेंड्याकडची पानं वाकडी व्हायची, देठावर काळ्या रेघा उतरायच्या, फूल भरायच्या आधीच मान मोडल्यासारखं एका अंगाला वळायचं. काही झाडं कळीतच वाळली. लोक म्हणाले बुरशी, तिची औषधं मारली. नंतर कळलं तो विषाणू आहे आणि फुलकिडे पसरवतात. मग फुलकिड्यांवर फवारे सुरू झाले. तरी थांबलं नाही. आमच्या शिवारात सूर्यफूल कमी होत गेलं, जागा सोयाबीनने घेतली. त्याला भाव, पाणी अशी दुसरीही कारणं होती, पण हा रोग आम्ही विसरलो नाही.

माझा प्रश्न असा. फवारा मारून फुलकिडे मेलेले दिसत होते. मग रोग का थांबला नाही?

परागकोश

औसेकर काका, वनस्पती-रोगशास्त्र हा माझा नोकरीतला विषय होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रानजाईंच्या 'घर आणि धर्मशाळा' या मुद्द्याशी तुमच्या प्रश्नाचं उत्तर थेट जोडलेलं आहे.

तो रोग म्हणजे सूर्यफुलाचा नेक्रोसिस, म्हणजे झाडाचे भाग मरत जाण्याचा रोग. कर्नाटकात १९९७ मध्ये तो ठळकपणे दिसला आणि पुढे शेजारच्या राज्यांत पसरला. कारण ठरला टोबॅको स्ट्रीक व्हायरस. याच विषाणूने २००० साली आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाची दाणादाण उडवली. सुमारे सव्वादोन लाख हेक्टरवर झाडं मेली आणि नुकसान ३०० कोटी रुपयांच्या घरात गेलं.

सुरुवातीला वाटलं, भुईमुगाचा नेहमीचा शेंडेमर असेल. तोही फुलकिडेच पसरवतात, पण त्याची रीत अगदी वेगळी. शेंडेमरचा विषाणू फुलकिड्याच्या पिल्लाने खाताना अंगात घ्यावा लागतो. मोठेपणी रोगट झाडाचा रस प्यायला तर तो वाहक होत नाही. पिल्लाने घेतलेला विषाणू त्याच्या शरीरात वाढतो आणि मोठेपणी त्याच्या तोंडावाटे दुसऱ्या झाडात जातो. म्हणून तिथे फुलकिडा कुठे जन्मला, हा कळीचा प्रश्न असतो.

टोबॅको स्ट्रीकला फुलकिड्याच्या शरीराची गरजच नाही. तो बसतो परागकणांत, आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेत झालेल्या कामातून पुढे आलं की परागकण मुख्यतः गाजरगवताचे. गाजरगवताला विषाणूची लागण होते पण त्याच्यावर काही लक्षण दिसत नाही. झाड हिरवंगार, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. फुलकिडे त्या फुलात शिरतात, अंगावर पराग माखून घेतात आणि वाऱ्यावर सूर्यफुलाच्या किंवा भुईमुगाच्या कोवळ्या पानावर उतरतात. पान खाताना जी जखम होते, तिच्यावर अंगावरचा पराग घासला जातो. तेवढ्यात काम झालं. किड्याचा जन्म कुठे झाला याला इथे काडीचंही महत्त्व नाही. तो धर्मशाळेत एक रात्र राहिला तरी पुरे.

आता तुमचं उत्तर. तुम्ही पिकावरचे किडे मारत होता, पण बांधावरच्या फुलांतून रोज नवे, परागाने माखलेले येत होते. उतरल्यावर मरेपर्यंत त्यांनी पान चाखलेलं असायचं. उपाय मुळाशी होता: गाजरगवत फुलायच्या आधी उपटणं. फुलायच्या आधी, हे महत्त्वाचं. पावसाळ्याच्या पहिल्या सरींत ते पिकाच्या आधी उगवतं आणि आधी फुलतं. शिवाय वावराच्या चारी बाजूंनी ज्वारी, बाजरी किंवा मक्याच्या ओळी लावायच्या, म्हणजे वाऱ्यावर येणारे किडे तिथे अडतात. या धान्यपिकांना हा विषाणू लागत नाही.

गाजरगवताचं आणखी एक. भारतात त्याची पहिली ठळक नोंद पुण्यातली, १९५५ च्या सुमाराची. तिथून ते देशभर गेलं. आपल्या महाराष्ट्राच्या मातीवर पहिल्यांदा ओळखलं गेलेलं हे तण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी अनंतपूरच्या भुईमुगाला भोवलं, याची मला अजूनही हळहळ वाटते.

औसेकर

परागकोश साहेब, पंचवीस वर्षांनी उत्तर मिळालं. आमच्या बांधावर गुडघाभर गाजरगवत असायचं आणि आम्ही त्याला नुसता अंगाला खाज आणणारा कचरा समजत होतो. मुलाला हा धागा वाचून दाखवला.

नंदुरबारी_मिरची

सगळ्यांना नमस्कार. काळ्या थ्रिप्सबद्दल, म्हणजे काळ्या फुलकिड्याबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणाच्या मिरचीत तो इतका वाढला की माझ्या ओळखीच्या तिकडच्या व्यापाऱ्यांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवलेले सांगितले. आपला जुना मिरचीचा थ्रिप्स पान वर वळवतो, त्याला आम्ही चुरडा-मुरडा म्हणतो. हा नवा फुलात बसतो. एका फुलात वीस-वीस. फूल गळतं, फळ धरतच नाही. फवारा मारला तर पाकळ्यांच्या आत पोचतच नाही.

मी इतकी औषधं मारली की मोजदाद राहिली नाही. दुकानदाराने एकत्र तीन मिसळून दिली होती. चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त. हे कसं काय?

परागकोश

नंदुरबारी, तो थ्रिप्स पार्विस्पायनस, मूळचा आग्नेय आशियातला. आपल्याकडे पहिली नोंद २०१५ ची, बेंगळुरूजवळच्या पपईवर. मिरचीत भडका उडायला सहा वर्षं लागली. मादी गडद तपकिरी, नर बारीक आणि पिवळसर, त्यामुळे एकाच फुलात दोन वेगळे किडे असल्यासारखं वाटतं.

फुलकिड्यांची संख्या अशी झपाट्याने वाढायला आणखी एक कारण आहे. फलन न झालेल्या अंड्यातूनही पिल्लू निघतं, ते नर होतं. म्हणजे एकटी मादी नव्या वावरात आली तरी वंश चालू. त्यात पराग मिळाला की अंडी जास्त. फुलोऱ्यात भडका उडतो तो यामुळेच.

फवारल्यावर वाढण्याचं मात्र दुसरं कारण असावं. ते रानजाई सांगतील, त्यांनी या विषयावर मागे लिहिलं होतं.

रानजाई

दादा, आमच्याकडेही हेच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी एका कृषी केंद्रातून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक आणून झेंडूवर मारलं. दोन दिवस शांत. आठव्या दिवशी ताटलीत मोजता येईनात.

मी त्यानंतर जास्त नीट बघायला लागले, तेव्हा झटकलेल्या फुलातून एक वेगळा किडा पडताना दिसला. दोन-अडीच मिलिमीटरचा, काळा, पाठीवर फिकट पट्टा, टोकदार सोंड. हा ओरियस, ढेकणांच्या नात्यातला शिकारी. तो फुलातच राहतो. मी त्याला फुलकिड्याच्या पिल्लाला सोंड खुपसून ताटलीभर ओढत नेताना पाहिलं आहे. पिल्लू आधी पोटाचं टोक वर करून एक थेंब सोडतं, आसपासच्यांना धोक्याची सूचना म्हणून. ओरियसला त्याने फरक पडत नाही.

पायरेथ्रॉइडने फुलकिडे थोडे मरतात, कारण ते फुलात आणि पाकळीच्या बेचक्यात असतात. अंडी ऊतकाच्या आत, कोष मातीत, तिथे औषध जात नाही. शिकारीसाठी फुलाबाहेरही फिरणारा ओरियस मात्र साफ मरतो. मग पुढची पिढी मोकाट. फ्लोरिडातल्या ढोबळी मिरचीवर या शिकाऱ्याचं बरंच काम झालं आहे. तिथे दर १८० फुलकिड्यांमागे एक ओरियस असला तरी संख्या उतरायला लागते, चाळिसांमागे एक असला तर आटोक्यातच येते. मी आता झटकताना दोन्ही मोजते आणि ओरियस दिसत असेल तर फवारा थांबवते.

वावरवाला_१९

माफ करा, पण मला सरळ हिशोब पटतो. बांध साफ करून टाकायचा. फूल नाही तर फुलकिडा नाही. उगाच तणांची काळजी कशाला?

रानजाई

दादा, तुमची तळमळ कळते. गाजरगवताबाबत मी तुमच्या बाजूला आहे, फुलायच्या आधी उपटाच. पण सरसकट नको असं मला मनापासून वाटतं. ओरियसला फुलकिडे नसतील तेव्हा पराग आणि दुसरे बारीक किडे लागतात. बांध बोडका केला तर पीक फुलेपर्यंत तो जगणार कुठे?

दुसरं म्हणजे बरेच फुलकिडे आपापल्या कुळाला चिकटून असतात. एकदांडीत आणि झेंडूत जो वाढतो तो सूर्यफुलाच्या कुळातला रहिवासी, मायक्रोसेफॅलोथ्रिप्स. चवळी-उडदाच्या फुलांत राहणारा मेगालुरोथ्रिप्स वेगळा. तो शेंगवर्गाचा. एकदांडी काढून उडदाचे फुलकिडे कमी होणार नाहीत.

आणि घाणेरीबद्दल एक सांगते, मला ते फार आवडतं. घाणेरीचा गुच्छ बघा. मधली नुकती उमललेली फुलं पिवळी, बाहेरची जुनी केशरी, मग लाल किंवा गुलाबी. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७८ मध्ये यावर निबंध लिहिला. त्यांना दिसलं की फुलकिडे पिवळ्या फुलाकडे ओढले जातात, पराग एका फुलातून दुसऱ्यात नेतात, आणि परागण झालं की फुलाचा रंग बदलायला लागतो. लाल फूल जणू सांगतं, इथलं झालं, पुढच्या दारात जा. ज्या किड्याला आपण फक्त शत्रू मानतो तो तिथे टपाल वाटतोय. घाणेरी परदेशी तण आहे आणि रान व्यापते, हे मला मान्यच आहे. पण बघायला शिकायचं तर तिच्याइतकं सोपं फूल नाही.

वावरवाला_१९

रंग बदलतो ते लहानपणापासून बघतोय, कारण आज कळलं. भिंग मागवलंय. उद्या झटकून बघतो, मग ठरवतो.

केदार_ब्रिस्बेन

उशिरा आलो, पण रानजाईंचा मूळ प्रश्न अगदी माझ्या शहरातला आहे म्हणून लिहितोच. इथे कुंपणाला एक जास्वंदीच्या जातीचं झुडूप लावतात. लाल फूल, पाकळ्या कधीच पूर्ण उघडत नाहीत, मिरचीसारखं लोंबतं. आपल्याकडेही बंगल्यांच्या कडेला असतं. शास्त्रीय नाव माल्व्हॅव्हिस्कस.

फ्रँकलिनिएला शुल्झाय नावाचा फुलकिडा जगभर पसरलेला आहे, भारतातही आहे, आणि त्याच्या यजमानांची यादी प्रचंड लांब आहे. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या दोघांनी इथे शहरात फिरून फुलं झटकली आणि मोठे व पिल्लं वेगळी मोजली. २००० साली छापून आलं. मोठे कित्येक झाडांवर सापडले, पण पिल्लं मुख्यतः या न उमलणाऱ्या जास्वंदात. सर्वभक्षी म्हणून बदनाम झालेल्या किड्याचं एका परिसरात एक आवडतं घर असतं, असं त्यातून दिसलं. रानजाईंनी जे ताटलीत पाहिलं तेच.

आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट इथे आहे. आग्नेय क्वीन्सलंडमध्ये मॅक्रोझामिया नावाचे सायकॅड आहेत, म्हणजे ताडासारख्या पानांची झाडं. त्यांना फुलं नसतात, शंकू असतात, नराचा वेगळा, मादीचा वेगळा. नर शंकूत सायकॅडोथ्रिप्स राहतो आणि पराग खातो. दुपारी शंकू स्वतःच तापतो, बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त, आणि इतका उग्र वास सोडतो की फुलकिडे परागासकट बाहेर पडतात. मादी शंकूलाही तोच वास, पण सौम्य, म्हणून ते आत जातात. संध्याकाळी नर शंकू थंड झाला की परत येतात. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी एकदा ऐन दुपारी शंकूला हात लावला, कोमट भाकरीसारखा लागला.

हे नातं नवं नाही. स्पेनमधल्या साडेदहा ते अकरा कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकात, अंगावर पराग घेतलेले फुलकिडे अडकलेले सापडले आहेत.

मुग्धा_ठाणे

परत आले, ताई. आज सकाळी सहाला भिंग घेऊन बसले. जास्वंदाची तीन फुलं झटकली: मोठे अकरा, पिल्लू एकही नाही. धर्मशाळा. मोगऱ्याच्या पाच कळ्या उकलल्या तर आत पाकळ्यांच्या घडीत पिवळी पिल्लं, हळदीच्या थेंबासारखीच, तुम्ही म्हणालात तशी. एक तर माझ्या नखावर चढलं.

म्हणजे मोगराच त्यांचं घर. मी गळलेल्या कळ्या कुंडीतच राहू देत होते, खत होईल म्हणून. कोष मातीत जातात हे वाचल्यावर त्या सगळ्या गोळा करून पिशवीत बांधल्या, वरची दोन बोटं माती काढून उन्हात पसरली आहे. फवारा आणलेला नाही. एका कळीत काळा, पाठीवर फिकट पट्ट्याचा एक किडा दिसला, त्याला हात लावला नाही.

रानजाई

मुग्धा, तो ओरियस असण्याची शक्यता बरीच आहे. पुढच्या रविवारी याच पाच कळ्यांएवढ्या कळ्या पुन्हा उकल आणि दोन्ही मोजून इथेच लिही.